ट्रंकेतले कागद: जुन्या नोंदींवरून वंशावळ लावताना

काम: सातारा जिल्ह्यातल्या आमच्या घराण्याची वंशावळ कागदांवरून लावणं. तोंडी वंशावळ आहे, पण सांगणाऱ्यागणिक बदलते. हाताशी चुलत्यांकडची पत्र्याची ट्रंक, तालुक्याच्या अभिलेख कक्षातून मिळतील त्या नकला आणि आत्याची स्मरणशक्ती. भाऊकीत वाद चालू आहेत, म्हणून नावं गाळली आहेत. पणजोबांच्या पिढीतल्या भावांना थोरले, मधले, धाकटे म्हणतो. मधले ते माझे पणजोबा. दुसऱ्या कोणी असं काम काढलं तर त्याला उपयोग व्हावा म्हणून लिहितोय. त्यामुळे जे सरळ झालं ते एका ओळीत, जिथे अडलं तिथे सविस्तर.

११ नोव्हेंबर २०२४

ट्रंक उघडली. वर देवनागरीतले सातबारे, खाली मोडीतले कागद, तळाला सुताने बांधलेली एक वळकटी. ती आज सोडवली नाही. ओलसर आहे, आधी सावलीत वाळू दे.

चुलत्यांनी ‘राजाची सनद’ म्हणून एक कागद लॅमिनेट करून ठेवलाय. तो छापील आहे आणि त्यात इनामाचा उल्लेखच नाही. तालुक्याच्या गावी जे घर होतं, त्याच्या जागेची मोजणी झाल्यावर फी भरून मिळालेली सनद आहे ती. सनद म्हटलं की घोडा, तलवार, छत्रपती डोळ्यांपुढे येतात. महसूल खात्याने घराच्या जागांनाही सनदाच दिल्या. चुलत्यांना अजून सांगितलेलं नाही. लॅमिनेशन मात्र कोणी करू नये. प्लास्टिक परत निघत नाही, आणि मागच्या बाजूचा शेरा त्यात कायमचा धूसर झालाय.

कागद सालवार लावायला घेतले. संध्याकाळपर्यंत ढीग तसाच होता, कारण निम्म्यांवरचं साल वाचताच येईना. मग पद्धत बदलली: आधी कागद कशाचा ते ठरवायचं. कर्जरोखा, गहाणखत, खरेदीखत, वाटणीपत्र, फेरफाराची (जमिनीवरचं नाव बदलल्याच्या सरकारी नोंदीची) नक्कल, पावती. हे बाहेरूनच बरंचसं कळतं. स्टँपपेपर असेल तर देणंघेणं, रकाने असतील तर सरकारी नोंद, शिक्का नसलेलं चिटोरं असेल तर घरगुती हिशेब.

फोटो काढताना मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवला. खिडकीतून तिरपा उजेड घेतला की पुसट शाईसुद्धा उठून दिसते.

१७ नोव्हेंबर

मोडी शिकायची की वाचून घ्यायची? दोन्ही. वाचनासाठी एक निवृत्त शिक्षक मिळाले, पानाला ३०० रुपये. सरांनी पहिल्याच फोनवर सांगितलं, ‘मी अक्षरं लावून देईन. अर्थ तुमचा तुम्ही बघा.’ तेव्हा हे तुटक वाटलं होतं, आता पटलंय.

मोडीत आधी आडवी रेघ मारतात आणि अक्षरं तिला टांगत जातात, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नाही. त्यामुळे एकच ओळ दोन ठिकाणी तोडता येते आणि दोन्ही वाचनं शहाणी दिसतात. म्हणून सरांना फोटोबरोबर ‘हा बहुधा कर्जरोखा आहे’ अशी चिठ्ठी जोडायला लागलो. कागदाचा प्रकार कळला की ठरावीक शब्द कुठे येणार ते वाचणाऱ्याला ठाऊक असतं.

२४ नोव्हेंबर

वळकटी सोडवली. आत एकच लांब कागद, वरचा उजवा कोपरा आणि मधली घडी गेलेली. वरच्या ओळीत जे उरलंय त्यात ‘तारण’ स्वच्छ वाचता येतं. सरांनीही तेच लावलं. मी त्याला गहाणाच्या ढिगात टाकला आणि तक्त्यात लिहिलं: ‘जमीन तारण, सावकाराचं नाव फाटलेलं.’ चुलते म्हणाले, ‘बघ, सावकारानेच बुडवलं आपल्याला.’

१ डिसेंबर

तो कागद गहाणाचा नाही.

शेवटच्या भागाचं वाचन आलं: ‘सु॥ खमस अशरीन मयातैन व अलफ’. सु॥ म्हणजे सुहूर सन, मराठी राज्यातल्या कागदांवर जागोजाग भेटणारा. आकडे अरबी शब्दांत, एककापासून उलटे लिहिलेले. खमस पाच, अशरीन वीस, मयातैन दोनशे, अलफ हजार. म्हणजे १२२५.

त्याचं इसवी साल काढताना आधी मी ५९० मिळवले आणि १८१५ काढलं. म्हणजे दुसऱ्या बाजीरावाचा काळ, चुलते खूश. पण ५९० हा फसली या दुसऱ्या महसुली सनाचा आकडा. सुहूर सनाला ५९९ मिळवायचे, आणि जानेवारीपासून पुढचे महिने असतील तर ६००. फसली आणि सुहूर, दोन्ही सनांचं वर्ष मृगाला, जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास पालटतं, म्हणून घोटाळा सोपा होतो. फरक मात्र नऊ वर्षांचा. ताळा करायला पानिपत धरावं. इहिदे सितैन मया व अलफ म्हणजे ११६१, ती लढाई जानेवारी १७६१ मधली. ६०० मिळवले की बरोबर बसतं.

तर १२२५ म्हणजे जून १८२४ ते जून १८२५. बाजीरावाचं राज्य १८१८ मध्येच गेलं होतं, साताऱ्यास प्रतापसिंह छत्रपती होते.

आता वरची ओळ. शकाला ७८ मिळवले की इसवी साल येतं, म्हणजे १८२४ हे शके १७४६. पंचांगातला साठ संवत्सरांचा, म्हणजे वर्षांच्या नावांचा, क्रम मागे मोजत नेला. गेल्या गुढीपाडव्याला सुरू झालेला शके १९४६ क्रोधी संवत्सराचा, अडतिसावा. दोनशे वर्षं मागे म्हणजे तीन पूर्ण फेऱ्या आणि वर वीस. अडतीसातून वीस गेले, अठरा. अठरावं संवत्सर तारण.

फाटलेल्या कोपऱ्यात ‘शके १७४६’ होतं आणि उरलेलं ‘तारणनाम संवत्सरे’. गहाण नाही, सावकार नाही, वर्षाचं नाव! पुढे ‘मार्गशीर्ष शुद्ध’ शिल्लक आहे, त्यामुळे कागद १८२४ च्या अखेरीचा इतकं पक्कं झालं. शक चैत्रात पालटतो, सुहूर मृगाला. दोन्ही जिथे एकमेकांवर येतात तेवढीच खिडकी खरी. एका सनावर विसंबून तारीख लिहू नये.

कागद गहाणाच्या ढिगातून काढला. कशाचा आहे ते अजून कळलेलं नाही.

८ डिसेंबर

किरकोळ पण वेळखाऊ: दोन उभ्या रेघा. ‘सा॥’ म्हणजे साकीन, राहणार. ‘प॥’ परगणे, ‘मु॥’ मुक्काम, ‘रा॥’ राजश्री. इथे ॥ ही संक्षेपाची खूण. पण आकड्यापुढे तीच खूण आली की अर्धा: ३॥ म्हणजे साडेतीन, ३। सव्वातीन, ३॥। पावणेचार. एका पावतीत ‘पे॥ ३॥’ होतं आणि मी दोन्हीकडे अर्धा धरून बसलो. पे॥ म्हणजे पैकी. आधी अक्षर की आकडा बघायचं, मग रेघांकडे.

क्षेत्राचं कोष्टक वहीच्या पुठ्ठ्याला चिकटवलं: २० काठ्यांचा पांड, २० पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचा चाहूर. बिघ्याचे एकर करायचा मोह आवरला. काठीची लांबी सगळीकडे सारखी नव्हती. तो हिशेब कागदावर सुंदर आणि शेतात खोटा निघतो. एकर आल्यावर मात्र निर्धास्त: ४० गुंठ्यांचा एकर, १२१ चौरस वाराचा गुंठा.

९ जानेवारी २०२५

तालुक्याला गेलो. हक्कनोंदीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ चा. आमच्या गावची जुनी नोंदवही त्यानंतर काही वर्षांची आहे. जुने फेरफार म्हणजे गाव नमुना ६ आणि जन्म-मृत्यूचा नमुना १४ यांच्या नकलांसाठी अर्ज केला. ‘जीर्ण, नक्कल देता येत नाही’ असा शेरा मिळाला. मग नक्कल न मागता पाहणीसाठी अर्ज केला आणि समोर बसून उतरवून घेतलं. ज्यांना शेरा मिळेल त्यांनी हा दुसरा अर्ज लगेच करावा. मी मधले काही आठवडे नुसता रागावून घरी बसलो होतो.

गेल्या वर्षभरात नमुना १४ साठी तिथे एवढी गर्दी झालीय की वहीची पानं कडेने तुटायला आलीत. बहुतेकांना जातीच्या रकान्यातला एक शब्द हवा असतो. मला रोगाचा रकाना हवा होता. ‘पटकी’ म्हणजे कॉलरा. ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणजे प्लेग. १९१८ च्या शेवटी पानंच्या पानं नुसता ‘ताप’ लिहिलाय. तो इन्फ्लुएन्झा. लिहिणाऱ्याकडे त्याला नाव नव्हतं.

जन्माच्या बाजूला मुलाचं नाव बहुतेक नसतंच. बापाचं नाव आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. आजोबांचा जन्म शोधायला गेलो तर एकाच बापाला अंतराने झालेले अनेक ‘मुलगा’ सापडले, त्यातले आजोबा कोणते ते नोंद सांगत नाही.

१९ जानेवारी

उतरवलेले फेरफार घरी लावतोय. आजचा दिवस संक्षेपांचा.

‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘वलद’ही तेच. ‘कोम’ला मी जात समजलो. उर्दूतला कौम डोक्यात होता. एका बाईच्या नावापुढे कोम आणि मग पुरुषाचं नाव, तेव्हा प्रकाश पडला: कोम म्हणजे अमक्याची बायको. कुठे ‘भ्रतार’ लिहितात, तिथे चूक होत नाही. कोमवरून नवरा हयात आहे की नाही ते कळत नाही. त्यासाठी ‘सौ.’ किंवा ‘गं. भा.’ शोधायचं.

‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान, पालनकर्ता अमुक. अज्ञान म्हणजे वयाने लहान. १८७५ च्या सज्ञानतेच्या कायद्याने अठरा वर्षं पूर्ण झाली की माणूस सज्ञान. कोर्टाने पालक नेमला असेल तर एकवीस. याने जन्मसालाची कुंपणं घालता येतात. ट्रंकेतल्या १९०६ च्या कर्जरोख्यात तिघे भाऊ आहेत. थोरले आणि मधले स्वतः सह्या करतात, धाकटे ‘अ.पा.क. आई’. म्हणजे मधल्यांचा जन्म १८८८ च्या आत, धाकट्यांचा त्यानंतर. घरात पणजोबांचं जन्मसाल म्हणून १८९५ सांगत होते. मग ते अकराव्या वर्षी सज्ञान म्हणून सही करत होते असं मानावं लागेल.

‘ए.कु.मॅ.’ने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. १९१२ च्या फेरफारात खापरपणजोबा ‘मयत’, वारस म्हणून फक्त थोरले. बाकीचे भाऊ मेले का? का बेदखल केले? दोन्ही नाही. सारा (शेतसारा) भरायला एक जबाबदार नाव हवं होतं, ते लिहिलं. त्यापुढची तीन अक्षरं म्हणजे इतर भाऊ आहेत याचा उलट पुरावा.

इथपासून तक्त्याला एक रकाना वाढवला: ‘ही नोंद का केली?’ आणि बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येतंय: सारा कोण भरणार ते ठरवायला. जन्म, मृत्यू, भाऊबंदकी, सगळं तेवढ्यापुरतंच लिहिलं जातं. फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नव्हे, एवढं तर भिंतीवर लिहून ठेवावं. खापरपणजोबा १९१२ च्या नोंदीत ‘मयत’ आहेत, पण १९०६ च्या रोख्यात धाकट्यांची पालनकर्ती आई आहे, म्हणजे ते त्याआधीच गेलेले असणार. नोंद किमान सहा वर्षं मागे पडलेली.

२ फेब्रुवारी

वंशावळीची पहिली आवृत्ती काढली, आणे-पैवरून. हिस्से पूर्वी रुपयाच्या भाषेत लिहीत: पूर्ण मालकी १६ आणे, म्हणजे १९२ पै. तीन भावांत वाटले तर प्रत्येकी ५ आणे ४ पै. हे एकदा हातात बसलं की फेरफार न वाचताही घर दिसायला लागतं.

१९३८ च्या नोंदीत मधले मयत आणि आजोबांच्या नावापुढे २ आणे ८ पै. म्हणजे ३२ पै, सहावा हिस्सा. भाऊ तीन होते हे तोंडी माहीत, रोख्यातही तिघेच. तिघांचे ५-४, मधल्यांच्या ५-४ चे दोन वाटे केले की २-८. आजोबा आणि त्यांचे एक भाऊ, आत्यालाही हे दोघेच माहीत. सगळं जुळलं. तक्ता स्वच्छ करून भाऊकीच्या ग्रुपवर टाकला.

९ फेब्रुवारी

तक्ता मागे घ्यावा लागला. १९१९ चं वाटणीपत्र ट्रंकेतच होतं, दुसऱ्या कागदाला पाठीमागून चिकटलेलं. त्यात थोरले ८ आणे, मधले ८ आणे. धाकटे नाहीत. नमुना १४ मध्ये त्यांचा मृत्यूही नाही.

आणि मधल्यांकडे ८ आणे असतील तर आजोबांचे २-८ कसे? ९६ पै भागिले ३२. तीन. आजोबांना दोन भाऊ होते. तीन भावांची दोन-दोन मुलं आणि दोन भावांची तीन-तीन मुलं, दोन्ही वाटांनी आकडा तोच येतो. मी तोंडी माहितीला जुळणारी वाट घेतली होती. हिस्सा जुळला म्हणजे माणसं जुळली असं नाही. मधल्या पिढीचा हिस्सा लिहिलेला कागद हाती आल्याशिवाय तक्ता पक्का करू नये.

आता दोन प्रश्न: धाकटे गेले कुठे, आणि आजोबांचा दुसरा भाऊ कोण?

२३ फेब्रुवारी

धाकटे सापडले. शेजारच्या खात्यात, तेच नाव, पण ‘बिन’पुढे वेगळा बाप. पहिल्या आवृत्तीत मी त्यांना वेगळा माणूस म्हणून टिपलं होतं. आत्याशी बोलताना ती सहज म्हणाली, ‘त्या घरात दत्तक गेलेला कुणीतरी आपल्यातला होता असं आई म्हणायची.’ हे तिने नोव्हेंबरमध्ये का सांगितलं नाही? मी विचारलंच नव्हतं. मी ‘धाकटे पणजोबा’ विचारत होतो, ती त्यांना त्या घराचे म्हणून ओळखते.

दुय्यम निबंधकांकडच्या जुन्या सूचीत १९१० चं दत्तकपत्र मिळालं. लिहून देणारी भाऊकीतलीच विधवा, अमुक कोम तमुक. दत्तक गेल्यावर बिनपुढचं नाव बदलतं आणि जन्माच्या घरातला हिस्सा सुटतो. म्हणूनच १९१९ ला दोनच वाटे. मुंबई इलाख्यात विधवेला नवऱ्याने स्पष्ट परवानगी दिलेली नसली तरी दत्तक घेता येई, त्यामुळे असे कागद आमच्याकडे बरेच सापडतात. ज्या साताऱ्याचं राज्यच १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून खालसा केलं, तिथल्या एका शेतकऱ्याच्या घरातलं दत्तक मात्र शांतपणे नोंदवलं गेलं. सारा भरणारा मिळाला, सरकारची हरकत कशाला असेल?

एकाच गावात, एकाच काळात, एकाच नावाचे दोन आणि बाप वेगळे दिसले, तर आधी ते दोन आहेत का ते तपासावं.

१६ मार्च

कुळ. चुलत्यांचं ठाम म्हणणं: ‘आपली वरची जमीन कुळकायद्यात गेली, आणि पूर्वी आपणच कुळ होतो.’ दोन्ही वाक्यांत शब्द एक, गोष्टी दोन.

पहिलं खरं. सातबाऱ्यावर इतर हक्कात कुळाचं नाव आहे, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कलम ३२ग खाली किंमत ठरली आणि जमीन कुळाची झाली. त्याचे कागद सरळ आहेत.

दुसऱ्याचा आधार म्हणून चुलते एकोणिसाव्या शतकातल्या हिशेबाची नक्कल दाखवतात, त्यात आमच्या घराला ‘कुळ’ म्हटलंय. तिथे कुळ म्हणजे सारा देणारं खातं. कुळघडणी म्हणजे अशा खात्यांची मांडणी. त्यात पाटीलसुद्धा कुळच. खंडाने दुसऱ्याची जमीन कसणारा हा अर्थ कुळकायद्याने इतका घट्ट बसवला की आता दुसरा ऐकूच येत नाही. सावकाराच्या वहीतही ‘कुळ’ असतं, तो ऋणको. आणि लग्न जमवताना विचारतात ते कुळ चौथंच.

जुना सर्व्हे नंबर आणि आजचा गट यांचा मेळ लागत नव्हता. १९४७ च्या कायद्याखाली जमिनींच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं तेव्हाचा ९(३)-९(४) चा उतारा मागितला, त्यात जुना-नवा नंबर समोरासमोर आहे. हा आधीच मागायला हवा होता, नकाशे चाळण्यात वेळ गेला नसता.

६ एप्रिल

आजोबांचा दुसरा भाऊ.

१९५१ चा फेरफार: एका इसमाचा २ आणे ८ पै हिस्सा, शेरा ‘सात वर्षांहून अधिक काळ बेपत्ता’, वारस भाऊ. नाव घरात कोणी कधी उच्चारलेलं नाही. सात वर्षांचा आकडा तलाठ्याच्या मनातला नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १०८: ज्यांना खबर लागायला हवी होती त्यांना सात वर्षं लागली नाही, तर तो हयात आहे हे म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावं. कायदा माणूस कधी गेला ते सांगत नाही, तो गेला असं धरायची मुभा देतो.

म्हणून तक्त्यात मृत्यूचं साल १९५१ लिहिलं नाही. ‘१९३८ ला हयात. १९४४ पासून किंवा त्याआधीपासून खबर नाही’ एवढंच.

आत्याला नाव वाचून दाखवलं. बराच वेळाने म्हणाली, मुंबईला गिरणीत गेलेला एक काका होता, दरसाल जत्रेला यायचा, मग यायचा बंद झाला. हिस्सा भावांच्या नावावर चढला तेव्हा आजीने दोन दिवस चूल पेटवली नव्हती म्हणे. यापलीकडे ती बोलली नाही, मीही ताणलं नाही. ग्रुपवर दुसरी आवृत्ती टाकताना या नावापुढे काय लिहू ते तिलाच विचारणार आहे.

४ मे

१८२४ च्या कागदाचं पूर्ण वाचन आलं. सरांनी घडीतली गेलेली अक्षरं चौकटी कंसात सोडली आहेत, अंदाजाने भरली नाहीत. त्याबद्दल ३०० रुपये कमीच.

तो मिरासपत्र आहे, म्हणजे जमिनीचा वंशपरंपरेचा हक्क (मिरास) दिल्याचा कागद. देणारे ‘मोकदम व समस्त पांढरी’. मोकदम म्हणजे गावचा पाटील. आजचा ऊसतोड टोळीचा मुकादम डोक्यात ठेवून वाचलं तर सगळंच चुकतं. पांढरी म्हणजे गावठाण, म्हणून गावची वस्ती. काळी म्हणजे शेतजमीन. घेणारा आमचा मूळपुरुष, आजवरच्या वंशावळीपेक्षा दोन पिढ्या वरचा. जमीन ‘लेकराचे लेकरी’ खायला दिलीय, म्हणजे वंशपरंपरेने.

आणि जमिनीचं वर्णन: ‘गतकुळी थळ’. थळ म्हणजे एका मिरासदार घराण्याची जमीन. ते घराणं खुंटलं किंवा परागंदा झालं की थळ गतकुळी होई. जमीन पडून राहिली तर साऱ्याचा बोजा गावावर, म्हणून गाव ती नव्या माणसाला मिरासीने देई आणि त्याबद्दल पैसे घेई. थळाला नाव मात्र गेलेल्या घराण्याचंच राही.

आमच्या मळ्याला दुसऱ्याच आडनावाने का ओळखतात याचं हे उत्तर. भाऊकीत त्याची कथा वेगळी आहे: त्या आडनावाच्या लोकांशी आमच्या पूर्वजाची मारामारी झाली आणि त्याने मळा जिंकला. प्रत्यक्षात तो त्यांना भेटलाही नसेल.

यातून दुसरंही निघतं, आणि ते जड आहे. मिरास विकत घेणारा त्याआधी या थळाचा मिरासदार नव्हता. तो गावातला उपरी (मिरास नसलेला कसणारा) असेल किंवा दुसऱ्या गावाहून आलेला. ‘साकीन’च्या पुढे गावाचं नाव होतं, पण ते घडीत गेलंय. ‘मौजे’ उरलंय, मग भोक, मग ‘बुद्रुक’. आजूबाजूच्या तालुक्यांतली सगळी बुद्रुक काढली, यादी लांब आहे.

११ मे

चुलत्यांना वाचून दाखवलं. ‘आपण गाव वसवल्यापासूनचे,’ ते म्हणाले, ‘कागद दुसऱ्या कुणाचा असेल.’ मग मी मळ्याच्या नावाचं विचारलं. त्यावर बोलले नाहीत, पण कागद परत ट्रंकेत ठेवायला न मागता माझ्याकडेच राहू दिला. सनदेचं त्याच दिवशी सांगायचा बेत रद्द केला.

आतापर्यंतचा खर्च: मोडी वाचन ८,४०० रुपये, नकला आणि पाहणी फी मिळून दोन हजारांच्या आत, बटर पेपर आणि आम्लरहित पाकिटं १,१०० रुपये. प्रवास धरलेला नाही. ट्रंकेतले सुमारे पंधरा मोडी कागद अजून वाचायचे आहेत. त्यांत कर्जरोखे जास्त असल्यामुळे ते स्वतःच लावून बघतोय. ठरावीक मजकूर असतो, नाव आणि रक्कम तेवढी अडते.

पुढचं काम: पुणे पुराभिलेखागारात गावचा थळझाडा (थळांची यादी) आहे का ते बघायचं. असेल तर गतकुळी थळं घराण्यांच्या नावांसह वेगळी मांडलेली मिळतील, आणि १८२४ नंतरचा एखादा असेल तर आमच्या मूळपुरुषापुढे मूळ गावही. अर्ज लिहून ठेवलाय. त्यात तालुक्याचं आजचं नाव न टाकता कागदावरचं परगण्याचं नाव टाकलंय, कारण तिथली रुमालांची (दप्तराच्या गाठोड्यांची) यादी त्याच नावांनी लावलेली असते असं सरांनी सांगितलं.